दमदार गाडी नागपुरात झेपेल कशी? आधी वर्षभर तिचा खर्च भरून पाहा

जुनी ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे स्कोडाची दमदार सेडान, पाहायला गेलो, त्या दिवशी हिंगणा एमआयडीसीतल्या मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधी मला एकच प्रश्न विचारला. "घेऊन तर टाकाल भाऊ, पण चार टायरचे पैसे आज बाजूला ठेवले आहेत का?"

नव्हते. डाउन पेमेंट होतं, कर्जाला बँकेचा होकार होता, बायकोची संमती होती. टायरचे पैसे मात्र कुठल्याच हिशेबात नव्हते. टोकन न देता परत आलो आणि चौदा महिन्यांनी दुसरी आरएस घेतली. त्या चौदा महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. पहिल्यांदाच अशा गाडीकडे वळलेल्या, पगारावर घर चालवणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय. गाडी परवडते का, हे बँक सांगते. ती झेपते का, हे आपलं आपल्यालाच तपासावं लागतं, आणि ते गाडी दारात येण्याआधी तपासता येतं.

पहिलं काम: घरखर्चाचा खरा आकडा

पगारापासून सुरुवात करू नका, खर्चापासून करा. मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, सगळी यूपीआय खाती धरून. एखाद्या महिन्याचा खर्च पाहून अंदाज बांधला की फसगत होते, कारण नागपूरच्या घरात सगळे महिने सारखे नसतात. एप्रिल ते जून कूलर आणि एसीचं वीजबिल दुप्पट-तिप्पट होतं. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, बसचे पैसे एकदम येतात. दिवाळी आहे, लग्नसराईतला आहेर आहे, मालमत्ता कर आहे. वर्षाची बेरीज करून तिला बाराने भागा. येईल तो तुमचा खरा महिना.

आता त्यात दहा टक्के वाढवा, कारण पुढच्या वर्षी किराणा, फी, भाडं, कामवाल्या मावशींचा पगार यांतलं काहीच खाली येणार नाही. कर्जाचा दर स्थिर असेल तर हप्ता तेवढाच राहतो, ही जमेची बाजू. पण गाडीचे बाकी सगळे खर्च महागाईसोबत चढतात आणि घरखर्चही चढतो, म्हणजे दोन्हीकडून ओढ बसते. वाढवलेल्या आकड्यावर जे शिल्लक राहतं तेवढंच गाडीसाठी मोकळं आहे, असं धरा.

त्यातूनही तीन गोष्टी आधी वजा होतात. सहा महिन्यांचा घरखर्च, त्यात नवा हप्ताही धरून, सहज काढता येईल अशा जागी असावा. घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, त्यामुळे टाळाटाळीला कारण उरलेलं नाही. आणि कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स. या तिन्हींत भोक असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि वर्षभराने परत उघडा.

माझी आई म्हणाली होती, "एवढ्या पैशात बेसाकडे प्लॉट झाला असता रे." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. प्लॉटची किंमत साधारण वाढत जाते, गाडीची घटतेच. मी तिच्यासमोर कागद ठेवला: घराचं कर्ज किती उरलं, मुलीच्या शिक्षणाची एसआयपी किती, आणि हे दोन्ही न हलवता गाडीला किती उरतं. तिला गाडी पटली नाही, पण हिशेब पटला. घरच्यांपाशी आवड मांडण्याआधी हा कागद मांडा.

कुठल्या थरातली गाडी?

सगळ्याच दमदार गाड्या पन्नास लाखांच्या नसतात. वीस लाखांच्या आसपास फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया यांचं १.५ लिटर टर्बो इंजिन मिळतं, १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर ओढ (टॉर्क). नागपूर-अमरावती करणाऱ्याला यात भरपूर जीव आहे. त्याच्या वर एकदम मोठी उडी येते. गोल्फ जीटीआय मे २०२५ मध्ये ५२.९९ लाख एक्स-शोरूमला आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या ऑक्टाव्हिया आरएसच्या फक्त १०० गाड्या ४९.९९ लाखांना भारतात आल्या. दोन्हींची ताकद २६५ पीएस, दोन्ही पूर्ण बनून बाहेरून आलेल्या. त्याही वर बीएमडब्ल्यू एम३४०आय, जी चेन्नईत जोडली जाते आणि २०२१ मध्ये आली तेव्हाच ६२.९० लाखांची होती.

या मोठ्या उडीच्या मधली जागा जुन्या गाड्या भरून काढतात. २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०० गाड्या ३५.९९ लाखांना विकल्या गेल्या. अशा कमी संख्येच्या गाड्यांची किंमत टिकते, पण पार्ट मिळायला वेळ लागतो. बंपर किंवा हेडलाइट फुटला तर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहू शकते. म्हणून थर ठरवताना आणखी एक प्रश्न विचारा: त्या कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का, आणि त्यांनी हे नेमकं इंजिन आधी उघडलं आहे का? नसेल तर हैदराबाद पाचशे किलोमीटर आणि पुणे सातशेच्या वर आहे. फ्लॅटबेड ट्रकवर टाकून गाडी नेण्याचा खर्च तुमच्याच हिशेबात येणार.

शोरूमची किंमत आणि रस्त्यावरची किंमत

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि २० लाखांच्या वर १३ टक्के लागतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्क्यांवर जातो. ‘व्यवसायाच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल’ असं सांगणाऱ्याला हा फरक आधी विचारा. ५० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १३ टक्क्यांनी ६.५ लाख होतात आणि २० टक्क्यांनी १० लाख. बाहेरून पूर्ण बनून आलेल्या गाडीला कोणता दर लावला आहे, तेही कोटेशनवर लिहून मागा.

१० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. मात्र गाडी घेताना तेवढी रक्कम हातात लागते. जीएसटीचंही सांगून टाकतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन सरळ ४० टक्के झाला. त्याआधीच्या किमती मनात धरून जुन्या गाडीचा भाव ठरवणारे विक्रेते भेटतात. नव्या गाडीची आजची किंमत काढूनच जुनीची बोली लावा.

तर ५० लाखांची गाडी, ६.५ लाख कर, ५० हजार टीसीएस, समजा १ लाख ७० हजार विमा: ५८ लाख ७० हजार. ‘हँडलिंग चार्ज’ नावाची ओळ दिसली तर ती काढायला लावा. विमा बाहेरूनही घेता येतो, तो शोरूममधूनच घ्यायला हवा असं बंधन नाही.

हप्त्याच्या पलीकडचा महिना

माझा कागद जसाच्या तसा देतो. गाडी जुनी, २८ लाखांची. हातातले १२ लाख, कर्ज १६ लाख. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्यापेक्षा जास्त पडतं. ११ टक्क्यांनी चार वर्षांचा हप्ता आला ४१,३५३ रुपये. मी इतके दिवस एवढाच आकडा पाहत होतो. मग मेकॅनिकच्या प्रश्नानंतर बाकीचं लिहिलं.

महिन्याला ८०० किलोमीटर, शहरात लिटरला १० चं अ‍ॅव्हरेज, पेट्रोल १०४ रुपये: ८,३२०. विमा वर्षाला ७५ हजार, म्हणजे महिन्याला ६,२५०. सर्व्हिसिंगला वर्षाला ६० हजार, महिन्याला ५,०००. टायर अठरा इंची, एकेक १८ हजारांचा, चारांचे ७२ हजार. तीस हजार किलोमीटर चालतील असं धरलं तर महिन्याला साधारण २,०००. टोल, धुलाई, पार्किंग २,५००. आणि वॉरंटी संपलेल्या गाडीचा दुरुस्ती निधी ५,०००, कारण टर्बो किंवा गिअरबॉक्सचं काम निघालं तर बिल लाखांत जातं.

बेरीज २९,०७०. हप्ता धरून ७०,४२३.

हप्त्याच्या सत्तर टक्के आणखी खर्च हप्त्याच्या बाहेर आहे. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, पण ही सगळी कलमं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि यातलं पेट्रोल, विमा, पार्ट आणि टायर दरवर्षी चढणार. पार्ट युरोपातून येतात, त्यामुळे रुपया घसरला की हेडलाइटची किंमतही चढते.

टोलबद्दल एक बारीक गोष्ट. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना वार्षिक फास्टॅग पास मिळतो (सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा), वर्षभर किंवा २०० फेऱ्या. तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी महामार्ग राज्याचा आहे, तिथे हा पास चालत नाही; १ एप्रिल २०२५ पासूनच्या दराने कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये लागतात. शिर्डीला जाऊन येण्याचा टोलच दोन हजारांच्या वर जातो.

रंगीत तालीम: वर्षभर

नाटकवाले प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात, तशी गाडीची करा. माझं सगळं म्हणणं या एका पायरीवर उभं आहे.

दुसऱ्या बँकेत एक खातं उघडा. त्याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड कपाटात ठेवा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम, माझ्या बाबतीत ७० हजार, आपोआप त्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्या. बारा महिने. गाडी घरात आहे असं समजून उरलेल्या पैशांत घर चालवा. सध्याच्या गाडीचं पेट्रोल आणि विमा त्यातून वजा करू शकता, पण प्रामाणिकपणे. पेट्रोल किंवा फी वाढली तर वाढ घरखर्चातून सोसा, गाडीच्या खात्याला हात लावू नका.

हात लावावा लागला तर लपवू नका, वहीत लिहा: कोणत्या महिन्यात, किती, कशासाठी. ही वही पगाराच्या स्लिपपेक्षा खरं बोलते.

माझ्या तालमीत पहिले तीन महिने सुरळीत गेले. चौथा महिना जून होता. फी आणि पुस्तकांना ४५ हजार काढले. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आणीबाणीच्या निधीतून भागवलं, पण तो निधी परत भरायला पुढचे दोन महिने गाडीच्या खात्यात अर्धवटच पैसे गेले. वर्षाअखेर ८ लाख ४० हजार व्हायला हवे होते. झाले ७ लाख ३० हजार. म्हणजे माझी महिन्याची खरी ताकद ७० हजार नव्हतीच. ती ६० हजार ८०० होती.

बँकेने मला १६ लाख द्यायची तयारी दाखवली होती. माझ्या वहीने १२ लाख सांगितले: ६० हजारांतून चालवण्याचे २९ हजार वजा केले की हप्त्याला ३१ हजार उरतात, आणि ११ टक्क्यांनी चार वर्षांच्या १२ लाखांचा हप्ता ३१,०१५ येतो. आधीचे १२ लाख आणि तालमीतले ७.३ लाख मिळून हातात १९.३ होते. त्यातले १६ लाख गाडीला घातले, १२ लाख कर्ज घेतलं, आणि ३.३ लाख टायर व दुरुस्तीसाठी पहिल्या दिवसापासून बाजूला राहिले. आणखी दोन महिने थांबलो ते विमा आणि नावबदलाच्या खर्चासाठी.

वर्षभरात तीनपेक्षा जास्त वेळा खात्याला हात लागला तर एक थर खाली या. पन्नास लाखांवरून तीसवर, तीसवरून व्हर्टस-स्लाव्हियावर. दीडशे पीएसची गाडी बिनधास्त वापरणारा माणूस अडीचशे पीएसची झाकून ठेवणाऱ्यापेक्षा जास्त सुखी असतो, हे मी आमच्याच सोसायटीत रोज पाहतो.

कर्ज घेताना

लांब मुदतीचा हप्ता गोड दिसतो. १६ लाख, ११ टक्के: चार वर्षांत व्याज ३.८५ लाख जातं. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता ४१ हजारांवरून २७,४०० च्या खाली येतो, पण व्याज सात लाखांवर पोहोचतं. त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षांनी अजून १० लाख ६० हजार बाकी असतात. तोवर गाडीची किंमत त्याहून खाली गेली असेल आणि नोकरी बदलली, बदली झाली, तर गाडी विकून वर खिशातले पैसे भरावे लागतात. दमदार गाडीला चार वर्षं, फार तर पाच. त्याहून लांब मुदतीशिवाय हप्ता बसत नसेल तर गाडीच बसत नाही.

शेवटी एक मोठी रक्कम ठेवून महिन्याचा हप्ता लहान दाखवणाऱ्या योजनाही शोरूममध्ये मिळतात. ती शेवटची रक्कम आणि ती न भरल्यास काय होतं, हे सही करण्याआधी वाचा. कर्ज आधी फेडल्यास किती शुल्क, तेही विचारा. गाडीचं कर्ज बहुतेकदा स्थिर दराचं असतं आणि त्यावर शुल्क लागतं.

जुनी गाडी तपासताना

नागपूरकरांनी एक तारीख लक्षात ठेवावी: २३ सप्टेंबर २०२३. पहाटे काही तासांत तुफान पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठ भागातल्या शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. त्यांतल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात फिरतात, काही दुसऱ्या शहरात जाऊन परत येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला गाळाचे डाग असतात. सीटखालच्या रेल्स आणि स्क्रूवर गंज आहे का ते पाहा. कार्पेटचा कोपरा उचला, स्पेअर व्हीलची जागा तपासा. बंद काचांच्या गाडीत कुबट वास आणि त्यावर परफ्यूमचा मारा असेल तर निघून या.

मग इंजिन. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण इतिहास काढा. फक्त कागदाची फाइल पुरेशी नाही. स्कॅनर लावून सगळे कंट्रोल युनिट वाचा. त्यांत नोंदलेल्या बिघाडाच्या खुणा नुकत्याच पुसल्या असतील तर जाणकार मेकॅनिकच्या ते लक्षात येतं. ऑक्टाव्हिया आरएसच्या दोन लिटर टर्बो इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून कूलंट गळण्याची तक्रार जुनी आहे, तिथे वाळलेले डाग शोधा. गिअरबॉक्स ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचचा असेल तर ठरलेल्या किलोमीटरला त्याचं तेल बदललं आहे का, बिल मागा. कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर सीताबर्डीच्या गर्दीत अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवून धक्के जाणवतात का ते पाहा.

ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, छेडछाड झाली आहे का, हे स्पष्ट विचारा. रीमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला त्याचा प्रोग्रॅम बदललेल्या, गाडीची वॉरंटी जाते, आणि अंगावर घेतलेला ताण पुढच्या मालकाच्या वाट्याला येतो. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी तयार असतात. त्याआधीची असेल तर पेट्रोलच्या झाकणावर आणि माहितीपुस्तिकेत काय लिहिलं आहे ते पाहा, कारण आज पंपावर मिळतं ते तेच.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी नका घेऊ. मे महिन्यात दुपारी तीनला घ्या. पंचेचाळीस अंशांत एसी, कूलिंग फॅन, गिअरबॉक्स सगळेच आपलं खरं रूप दाखवतात. विक्रेता दुपारी यायला नकार देत असेल तर त्याचंही कारण विचारा.

टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते; २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचे टायर खोलवर नक्षी असूनही बदलायचेच, आणि त्यांचे पैसे भावातून कमी करून घ्यायचे.

विमा

स्वस्त पॉलिसी शोधू नका, योग्य पॉलिसी शोधा. झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर दाव्याच्या वेळी प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मे पैसे कापले जातात, आणि आजच्या गाडीत बंपरपासून ग्रिलपर्यंत सगळं प्लास्टिकच आहे. इंजिन प्रोटेक्ट नागपुरात घ्याच. पाणी भरलेल्या गाडीचं बटण दाबलं की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा नाकारलं जातं. पुराच्या त्या सकाळी माझ्या एका सहकाऱ्याने घाबरून गाडी सुरू केली. विमा कंपनीने इंजिनचे पैसे दिले नाहीत. त्याने बटण दाबलं नसतं तर बहुधा स्वच्छतेवर आणि वायरिंगवर निभावलं असतं. पाणी दारापर्यंत आलं असेल तर बॅटरी काढा आणि टो करा. बस, बाकी काहीच करू नका.

आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कमी दाखवून हप्ता कमी करणं म्हणजे गाडी चोरीला गेली तर स्वतःचंच नुकसान. नो क्लेम बोनस गाडीचा नाही, तुमचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. जुनी गाडी विकताना त्याचं पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावा. मला त्यातून पहिल्याच वर्षी टायरच्या एका जोडीचे पैसे सुटले.

रस्ता आणि ऊन

नागपूरचे सिमेंट रस्ते गुळगुळीत आहेत, पण जुन्या डांबरी रस्त्याला जोडतात तिथे आणि चेंबरच्या झाकणांपाशी धार असते. ४० प्रोफाइलच्या बुटक्या टायरची भिंत तिथे फुगते आणि अलॉय वाकतं. वेग कमी करून, तिरकं न होता सरळ जा. समृद्धीवर कारला वेगमर्यादा १२० आहे आणि गाडी कितीही दमाची असली तरी तीच आहे. तापलेल्या काँक्रीटवर तास-दोन तास एका वेगाने धावताना कमी हवेचा टायर तापून फुटतो. म्हणून शिवमडक्याला समृद्धीवर चढण्याआधी, टायर थंड असताना, घराजवळच हवा तपासा. नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर चालते; मी ३ वर आली की बदलतो. हा खर्च निधीतून जातो, त्यामुळे बदलताना हात अडखळत नाही.

कागदपत्रं

एमएच ३१ शहर, ४९ पूर्व नागपूर, ४० ग्रामीण. तुमच्या पत्त्याचं कार्यालय आधी ओळखा. नावबदलाला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलेल्या गाडीचा बोजा उतरवायला बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी, आणि इथे पुन्हा भरावा लागणारा कर भावात धरा. बाकी चलानं ऑनलाइन पाहून विक्रेत्याकडूनच भरून घ्या. नावबदल झाल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. तोवर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

आणि तालमीचं ते खातं बंद करू नका. हप्ता त्यातूनच जाऊ द्या, पेट्रोलचं कार्ड त्यालाच जोडा, दुरुस्ती निधी तिथेच साचू द्या. माझ्या खात्यात या महिन्यात १ लाख ९० हजार आहेत. मागच्या आठवड्यात त्याच मेकॅनिककडे गेलो होतो, चार टायर टाकले, अलाइनमेंट केलं आणि तिथूनच काटोल रोडने फेरफटका मारून आलो.